गंजाच्या काठावरचे ठोके

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. कारण या गोष्टीची सुरुवात रागातच झाली, आणि तो राग एका झुरळावर होता. झुरळ म्हणजे मीच काढलेलं चित्र.

पुण्यात सहा वर्षं डिझायनरची नोकरी केल्यावर मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला परत आले आणि बाजाराच्या रस्त्यावर एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. आमचं गाव तिथून जवळच, गाडीनं पंधरा मिनिटं. काम म्हणजे लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मुख्य म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. एका फ्लेक्सवर किती माणसं मावतात हे ठाऊक नसेल तर मला विचारा. मधोमध गॉगल लावलेले भाऊ आणि खाली शुभेच्छुकांची मुंडकी, टोपलीत पेरू रचावेत तशी. ज्याचं मुंडकं लहान आलं तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत भांडायला हजर. पुण्याचे माझे जुने साहेब मधूनमधून फोन करायचे. जागा अजून रिकामी आहे, पण महिनाअखेरपर्यंतच, असं त्यांनी शेवटच्या फोनवर सांगितलं होतं.

त्याच सुमारास गावच्या बायकांचा गट माझ्याकडे आला. बावीस जणी, सगळ्या धान पिकवणाऱ्या घरच्या, त्यात माझी आईसुद्धा. त्यांनी स्वतःच्या बांध्यांतला, म्हणजे भाताच्या खाचरांतला, चिन्नोर तांदूळ थैल्यांत भरून नागपूरच्या प्रदर्शनात न्यायचं ठरवलं होतं आणि थैलीवर छापायला त्यांना एक निशाणी हवी होती. गटाची अध्यक्ष म्हणजे आमच्या मागच्या घरची काकू. ती दुकानात आली, खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाली, "घरचीच पोरगी हाये म्हनून तुह्याकडे आलो. नाहीतर तुमसरच्या छापखान्यात तयार चित्रं हायेत. कमळ हाये, गाय हाये, अन्नपूर्णा हाये. पुढच्या शनिवारी दाखव. नाही जमलं तं आम्ही गाय घेऊन घेतो."

घर की मुर्गी दाल बराबर, हे मला तिच्या आवाजातूनच कळलं. मी मनाशी ठरवून टाकलं, की ज्या तांदळाचा भात खाऊन मी वाढले त्याच्या थैलीवर माझं काम चढणार नसेल आणि तिथं तयार गाय चढणार असेल, तर इथं राहण्यात अर्थ नाही. गाय आली की मी पुण्याला गेले. हे मी कुणाला बोलले नाही. पण आईला कळलं असावं, कारण त्या आठवड्यात तिनं माझ्या आवडीची भाजी दोनदा केली.

मी कामाला लागले. प्रेरणा कुठून मिळते यावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, ते सगळं मला पाठ होतं. निसर्गात जा, चाला, रंग गोळा करा. मी गेले. बांध्या बघितल्या, बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, बगळे बघितले, शेताच्या धुऱ्यावरच्या गवताचेसुद्धा फोटो काढले. दुकानाची एक भिंत त्या फोटोंनी भरली आणि मी तिच्यासमोर बसून राहिले. शेवटी जे कुणीही काढलं असतं तेच काढलं. बाईचे दोन हात, हातांत धानाची लोंबी, मागे उगवता सूर्य. स्क्रीनवर फार सुंदर दिसत होतं. सात रंग होते त्यात, आणि सोनेरी तर असा की मीच माझ्यावर खूश.

थैली कापडाची होती आणि छपाई एकाच रंगात. हे मला माहीत होतं, पण मी पुण्याची डिझायनर होते ना. छापखान्यानं एका थैलीवर नमुना छापून पाठवला. सूर्य, हात, लोंबी, सगळं मिळून एक हिरवा डाग झाला होता आणि त्यातून लोंबीची कुसं मिशांसारखी बाहेर आली होती. काकूनं थैली लांब धरली, जवळ धरली.

"हे काय वो, पाल झुरळ खाऊन राहिली का?"

बायका हसल्या. आईही हसली, पदर तोंडाला लावून. मी थैली घेतली, घडी केली आणि दुकानात येऊन टेबलाखाली फेकली. काकूनं मला आणखी एक आठवडा दिला होता, तोही आईकडे बघून.

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या गल्लीत एका घरी बारसं होतं. आमच्याकडे अजूनही एक रीत आहे. मोठ्या लग्नाला बिछायतवाल्याकडून भाड्यानं भांडी येतात, पण बारशासारख्या घरगुती जेवणाला शेजारपाजारचीच भांडी गोळा होतात. कुणाचा पसरट कोपर, कुणाची परात, कुणाचा गंज. गंज म्हणजे पातेलं, आमच्याकडचा शब्द. जेवणं झाली की विहिरीजवळ सगळी भांडी एकत्र घासायची आणि ज्याची त्याला परत. मी रागातच घासायला बसले होते. राग असला की भांडी चांगली निघतात.

चाळीसेक भांडी घासून उपडी घातली. मग चार बायका उठल्या आणि वाटायला लागल्या. एकीनंही नाव वाचलं नाही. वाचायला नावं नव्हतीच. भांडं उचलायचं, काठावरून अंगठा फिरवायचा आणि बाजूला ठेवायचं. हे हिचं, हे तिचं. गप्पा चालू, नवऱ्यांच्या कागाळ्या चालू, आणि अंगठा आपला काम करतोय. दहा मिनिटांत चाळीस भांड्यांचे ढीग लागले. एकही चुकलं नाही.

हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमचा गंज उचलून मी काठावर अंगठा फिरवला. तीन ठोके, त्रिकोणात, आणि त्यांच्याखाली एक आडवी खाच. आईनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी खिळा आणि बत्ता घेऊन ठोकलेले. शेजारच्या घराच्या भांड्यावर कोंबडीच्या पायासारख्या तीन रेघा. त्यापलीकडच्या घराची नुसती एक लांब खाच. त्या घरची म्हातारी म्हणाली, "आमचं घर गावात पहिलं, आमाले जास्त नक्षी कायले पायजे?" काही जणी रंगानं खूण करतात, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाची. पण चुलीवर चढणाऱ्या भांड्याला रंग टिकत नाही, म्हणून गंजाला ठोकेच. ती खूण धुरात काळी होऊन चालत नाही, राखेनं घासून पुसून चालत नाही. अंधारात, पाण्याखाली, नुसत्या बोटाला कळली पाहिजे. आणि शेजारणीच्या खुणेशी मिळून चालत नाही.

कॉलेजात आमचे सर चांगल्या चिन्हाबद्दल फळ्यावर जे जे लिहायचे, ते सगळं माझ्या आईनं एका खिळ्यानं करून ठेवलं होतं. तिनं चौथीनंतर शाळा पाहिलेली नाही. मला त्या विहिरीपाशी इतका अभिमान वाटला की तो लपवायला मी घासलेलीच एक परात उगाचच पुन्हा घासली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेले. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसे भांड्यांच्या काठांवर कागद ठेवून ठसे घेतले. बायकांना वाटलं पोरगी पुण्याला जाऊन बिघडली. कुणी चहा दिला, कुणी मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वस्तात करशील का विचारलं. दुकानात येऊन सगळे ठसे भिंतीवर लावले आणि बगळ्यांचे फोटो काढून टाकले.

त्या सगळ्यांत आईची खूण सर्वांत देखणी होती. हे मी मुलगी म्हणून बोलत नाही, डिझायनर म्हणून बोलते. मी ती मोठी केली, ठोके गोल केले, अंतरं सारखी केली, खाच सरळ केली. एका रंगात छापली आणि थैलीवर ती अशी उठून दिसली की छापखान्याच्या मालकानं स्वतः फोन केला. "मॅडम, हे कुठून काढलं? भारी झालं."

शनिवारी अंगणवाडीच्या व्हरांड्यात बैठक होती. मी थैली बाहेर काढली आणि सतरंजीवर मधोमध ठेवली. दोघीतिघींनी खुणेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आवडली.

मग काकू म्हणाली, "हा तं तुह्या मायचा गंज हाये."

"हो," मी हसत म्हणाले. "तिथूनच घेतली."

"मंग तांदूळ कोनाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. लांब खाचवाल्या म्हातारीनं मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. "पोरी, ह्या खुनेची वस्तू ज्याच्या घरी सापडन त्यानं तुह्या मायच्या घरी नेऊन द्याची असते. मंग आमचा बी तांदूळ तुमच्याच घरी गेला ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आयत्या बिळावर नागोबा." हळूच म्हणालं, पण व्हरांडा लहान आहे.

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. सगळ्यांना वाटत होतं की तिनंच मला हे शिकवलं. तिला तर मी दाखवलंही नव्हतं, तिला सुखद धक्का द्यायचा होता. ती उठली, पदर सावरला आणि कुणाकडेही न बघता घरी निघून गेली. काकूनं थैली उचलून माझ्या हातात दिली. "सोमवारी छापखान्याले सांगाचं हाये. आता गायच छापू."

घरी आई स्वयंपाकघरात होती. मी दारात उभी राहिले.

"आई, मले वाटलं तुले बरं वाटन."

"बरं वाटाले काय झालं? बावीस घरचा माल एका घरच्या नावानं करून ठेवला. उद्या मी कोनाच्या घरी गंज मागाले जाऊ?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "शिकली तू. पन खून कशाले असते हे तुले नाही समजलं."

हे लागलं मला. पुण्यात मी साहेबांशी भांडले आहे, ग्राहकांशी भांडले आहे. पण आईशी कशावरून भांडणार, ती बरोबर होती. मी खुणेचं रूप घेतलं आणि खूण काय बोलते ते ऐकलंच नाही. ती बोलत होती, हे आमचं आहे, आमच्याकडे परत आणून द्या. आणि मी ते बावीस घरांच्या तांदळावर छापत होते. त्या रात्री मी जेवले नाही. आईनं आग्रहही केला नाही, आणि आमच्या घरात असं सहसा होत नाही.

सकाळी मी बॅग काढली. कपडे भरायला घेतले होते, तेवढ्यात आई आली. बॅगकडे बघितलं, पण तिच्याबद्दल काही बोलली नाही.

"चाल माह्यासंगं," ती म्हणाली.

मारुतीच्या देवळामागे एक खोली आहे. तिथं भजनाचे टाळ, सतरंज्या आणि गावाच्या कामाचं काय काय पडलेलं असतं. आईनं किल्ली मागून आणली आणि कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. खाली एक मोठा पितळेचा गंज होता, चार माणसांनी उचलावा असा.

"हा साझ्याचा," आई म्हणाली. साझ्याचा म्हणजे सगळ्यांचा मिळून. तिच्या सासूच्या वेळी गावच्या बायकांनी घरातलं फुटकं पितळ गोळा केलं होतं. कुणी गळका गुंड, म्हणजे पाण्याची घागर, दिला, कुणी चेपलेली परात, कुणी नुसती एक वाटी. ती सगळी मोड बैलगाडीनं भंडाऱ्याला गेली आणि तिथल्या कारागिरांनी तिचा हा एक गंज घडवून दिला. "आता सांग, ह्याच्यात कोनाचा गुंड कुठं हाये?"

"नाही सांगता येत."

"म्हनून ह्याच्यावर कोनी आपली खून नाही टाकली."

तिनं माझा हात धरून काठावर ठेवला. काठाला ठोके होते. खूण नाही, नुसते ठोके, एकाशेजारी एक, पूर्ण काठ फिरून आलेले. एका घराचा एक ठोका. ज्या घरानं वाटी दिली त्याचाही एकच आणि ज्यानं गुंड दिला त्याचाही एकच. काही खोल होते, काही नुसते टेकलेले. एक तर घसरून लांब झाला होता. मी काठाभोवती बोट फिरवत पूर्ण फेरी घातली आणि आई भिंतीला टेकून बघत उभी राहिली.

मला हा गंज माहीत होता. गावजेवणात त्यातलंच वरण खाऊन मोठी झाले मी. काठाला हात मात्र कधी लावला नव्हता.

या वेळी मी घाई केली नाही. त्या ठोक्यांचा ठसा घ्यायला कागद बाहेर काढला आणि परत पिशवीत ठेवला. ते ठोके त्या बायकांचे होते. बऱ्याच जणी आता हयातही नाहीत. या तांदळाची लावणी ज्यांनी केली त्या वेगळ्या होत्या, काल अंगणवाडीत बसलेल्या.

मी काकूच्या घरी गेले आणि दारातच सांगितलं, "काकू, काल मी चुकली. आज संध्याकाळी बायांले एकदा बोलाव. चित्र मी नाही काढत. तुमीच काढा." काकूनं मला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाली, "चहा ठेवते, बस." खुर्ची पुढे करून बस म्हणाली, हे मला अजून आठवतं.

मी मोहाडीहून ताटाएवढा गोल पितळी पत्रा आणला, घरून खिळा आणि बत्ता घेतला. संध्याकाळी अंगणवाडीत पत्रा लाकडी पाटावर ठेवला आणि साझ्याच्या गंजाची गोष्ट सांगायला लागले. मला ती सांगावीच लागली नाही. साझ्याचा म्हटल्याबरोबर म्हातारी म्हणाली, "हौ, माह्या सासूचा ठोका हाये त्याच्यात," आणि पुढे सरकून तिनंच खिळा हातात घेतला.

मग एकेक जण आली आणि काठाशी एकेक ठोका मारून गेली. मी फक्त पत्रा फिरवत होते. एकीनं इतक्या जोरात घातला की पत्रा वाकला, त्यावर बाकीच्या म्हणाल्या, नवऱ्याचा राग दिसते. एकीचा खिळा निसटून ठोका तिरपा गेला. ती म्हणाली, "हा पुसून टाक, दुसरा मारते." मी म्हटलं, पितळेवरचा पुसत नाही मावशी, आणि पुसायचाही नाही. माझे हात शिवशिवत होते हे खरं. संगणकावर मी हे सगळे एका मिनिटात सारखे केले असते. पण मी ठरवलं होतं की यातला एकही ठोका मी हलवणार नाही, आणि आयुष्यात माझ्या कुठल्याही सुंदर कामाचा मला जेवढा अभिमान वाटला नसेल तेवढा या न केलेल्या कामाचा वाटतो.

आई सगळ्यांत शेवटी आली. तिनं काल झालं त्याचं काही मनात ठेवलेलं दिसत नव्हतं, आणि बायकांनीही नाही. तिनं एकच ठोका मारला, नीट, मोजून. बत्ता तिच्या हातात शोभतो.

बावीस ठोक्यांचं कडं तयार झालं. हे जमलं, हे मला बघताक्षणी कळलं, आणि त्यांनाही कळलं. काकूनं बोटानं एकेक ठोका मोजला आणि पहिल्या-शेवटच्या ठोक्यांमधल्या जागेवर बोट थांबवलं.

"अथी तुहा नाही हाये."

"मी कुठं गटात हावो, काकू? धान तं तुमचं हाये."

"लेकीच्या नावाचा ठोका नसते वो," कुणीतरी म्हणालं. "लेकीचा सासरी पडते."

ही रीत खरी आहे. गंजावर घराची खूण असते आणि लेक त्या घरची धरत नाहीत. मी हसून विषय सोडून देणार होते. पण आईनं खिळा माझ्यापुढे धरला.

"भात अथीच खाते," ती सगळ्यांना म्हणाली. "काम बी अथीच करते. मार वो."

मी खिळा धरला. फ्लेक्सवर हजार मुंडकी बसवलेल्या माझ्या हातानं खिळा मात्र कधी ठोकला नव्हता. बत्ता मारला आणि तो नीट बसलाच नाही. जेमतेम एक टिंब उमटलं. बायका हसल्या, पण या वेळी मला राग आला नाही.

घरी येऊन मी बॅगेतले कपडे परत कपाटात लावले आणि पुण्याच्या साहेबांना फोन करून सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, इथं काम आहे. सोमवारी पत्र्यावर कागद ठेवून ठसा घेतला, त्याचा फोटो काढला आणि होता तसा तुमसरला पाठवला.

दुपारी छापखान्याच्या मालकाचा फोन आला. नमुना छान आलाय म्हणाला, पण गोलातला एक ठिपका फारच बारीक दिसतो, बाकीच्यांएवढा करून टाकू का.

"नको, राहू द्या," मी म्हटलं. "तो माझा आहे."